सुवर्णकमळवाले मास्तर

धाकटी डहाणूत १ जूनला होड्या किनाऱ्यावर चढल्या की मास्तरांचा हंगाम सुरू होतो. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करत बसलेला माणूस उठून पळत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलंय. एका दिग्दर्शकापायी गावाचा जीव खाणारा असा एक इसम हरएक गावात असतो. मास्तरांचं दैवत जोडीचं : सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर.

"तांडेल, 'देवराई' बघाच."

"काय आहे त्यात?"

"स्किझोफ्रेनिया."

"आणि ते 'अस्तु'?"

"स्मृतिभ्रंश. 'नितळ'मध्ये कोड."

जाळं शिवत बसलेल्या तांडेलांनी सुई खाली ठेवली. "मास्तर, हे सिनेमे आहेत की सिव्हिल हॉस्पिटल?"

असल्या शेऱ्यांनी मास्तर खचत नाहीत. हुकमाचं पान खिशातच असतं : 'कासव'. २०१७ साली जाहीर झालेलं सुवर्णकमळ. 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तोच मान. तांडेलांवर कमळाचा ढिम्म परिणाम नाही, तेव्हा मास्तर म्हणाले, "अहो, तुमच्या धंद्यातला आहे."

पावसाच्या एका संध्याकाळी भाजलेल्या सुक्या बोंबलांच्या आमिषावर तांडेल आले. मास्तरांनी सिनेमा असा पाहिलाच नाही. पाहिलं ते तांडेलांचं तोंड. "सुरुवात जरा संथ आहे हं," हे पाऊण तास चालू. मोहन आगाशे कासवांसाठी किनाऱ्यावर धडपडू लागले, तसे तांडेल सावरून बसले. कासव हा त्यांचा विषय. जाळ्यात आलं की जाळं कापून सोडायचं, फोटो काढायचा, अर्ज करायचा. २०१८ पासून सरकार पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं. जखमी असलं तर डहाणूतच पारनाक्याला उपचार केंद्र आहे. "यात अर्ज कोणीच भरत नाही," एवढं बोलून ते पुन्हा बोंबलाकडे वळले.

सिनेमा संपला. मास्तरांचा श्वास अडकलेला.

"बाई चांगली आहे," तांडेल म्हणाले. "दुखावलेल्या पोराला घरात घेतलं, वर काही विचारलं नाही. आमच्याकडे पहिल्या चहालाच गाव, आडनाव, सोयरीक, सगळं काढलं असतं. पोरगं त्याच रात्री पळालं असतं."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. एवढी समीक्षा त्यांना आजवर कुणी दिली नव्हती. लागलीच पुढचा वार : "उद्या 'दहावी फ'?"

"त्यात कोण आजारी?"

"कोणी नाही. ढ म्हणून हिणवलेली पोरं."

"मग येतो. आमचीच तुकडी."