शेठ आणि त्यांचा क्लच

नारायणगाव ते मंचर या पट्ट्यात एक शेठ हमखास आढळतात. (शेठ व्हायला इथे सावकारी लागत नाही, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि एका सालचा टोमॅटोचा भाव पुरतो.) त्यांच्या क्रेटच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक कॉन्टेसा उभी असते. हिंदुस्थान मोटर्सने 1984 पासून 2002 पर्यंत काढलेली ही गाडी म्हणजे आपली देशी मसल कार, असं शेठ सांगतात. लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना ताकद, एवढं खरंच आहे. सुरुवातीला त्या बॉनेटखाली अ‍ॅम्बेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, हे मात्र ते सांगत नाहीत. त्यांच्या गाडीला नंतरचं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन आहे, आणि त्याला त्यांनी नुकताच शर्यतीचा क्लच बसवलाय.

गरज होती का? क्लचची पकड ठरते ती प्रेशर प्लेटच्या दाबावर आणि प्लेटच्या घर्षणावर. कंपनीचा क्लच त्या इंजिनाला सहज पुरतो. तो जळाला, कारण आळेफाट्याच्या चौकात शेठचा डावा पाय पेडलवर मुक्कामाला असतो. पाय उचलणं हा त्यावरचा उपाय, पण तो फुकट असल्याने शेठना पटण्यासारखा नाही. म्हणून गिअरबॉक्स उतरला, फ्लायव्हील लेथवर फेसिंगला गेलं आणि तांब्याच्या बटणांची प्लेट आली. आता पेडल दाबताना पोटरी थरथरते, आणि गाडी एक तर हलत नाही किंवा उडी मारते. पावसाळ्यात माळशेज घाटातल्या गाड्यांच्या रांगेत लागतो हाफ क्लच, नेमका तोच गेला.

हे व्हिडिओ पाहून लागलेलं शहरी खूळ आहे, असं गावातले शहाणे म्हणतात. मला ते पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये बैलगाडा शर्यती थांबवल्या, त्या डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधली साडेसात वर्षं शर्यतीचे घाट बंद होते, तरी याच पट्ट्यातल्या कितीतरी दावणींना शर्यतीचे बैल खुराक खात उभेच होते. त्यांच्याकडून कुणी नांगर ओढून घेतला नाही. वापरायची नसलेली ताकद दारात बाळगायची ही हौस इथली जुनीच आहे, शेठनी फक्त गोठा बदलला. बैल निदान पळतो तरी, असं कुणी म्हणेल. पळतो, पण त्याची बारी काही सेकंदांत संपते. उरलेलं वर्ष खुराक, मालिश आणि चर्चा. कॉन्टेसाचं वेगळं काय चाललंय? ‘हेच पैसे ठिबकला घातले असते तर?’ हा वहिनींचा सवाल मात्र बिनतोड आहे. त्यावर शेठ चहा मागवतात.

शिवाय क्लच घसरेनासा झाला की झटका पुढे सरकतो. आधी गिअरबॉक्सला, मग प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, शेवटी डिफरन्शियलला. शेठना हे पक्कं ठाऊक आहे. डिफरन्शियलची चौकशी त्यांनी क्लच बसायच्या आधीच पुण्यात नाना पेठेत करून ठेवली आहे.