लाकडं आणि फुलं

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे अण्णा शिरले. दार लागलं. अण्णांनी नाक जरासं वर केलं, माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं, पायांतल्या स्लिपरकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "केव्हा झालं?"

"काय?"

"नाही... घरातलंच कुणी, की नात्यातलं?"

घरातलं कुणी गेलं नव्हतं. गेले होते साडेसहा हजार रुपये. पण चार मजल्यांत एवढं समजावून होत नाही. मी नुसतीच मान हलवली. अण्णांनी खांद्यावर हात ठेवला, "सुटले म्हणायचं," असं पुटपुटले आणि स्कूटर काढायला गेले.

ही सगळी करणी ५० मिलीच्या एका काळ्या बाटलीची. कॉलेज रोडवरच्या एका चकचकीत दुकानात मी ती घेतली. बरोबर एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड आलं. त्यावर लिहिलेलं : डार्क, वुडी-फ्लोरल, युनिसेक्स. या शब्दांचं मराठी मी दुकानातच करून पाहायला हवं होतं. डार्क म्हणजे काळोख. वुडी म्हणजे लाकडं. फ्लोरल म्हणजे फुलं. युनिसेक्स म्हणजे बाई असो की बाप्या, कुणालाही चालतं. आता काळोख, लाकडं, फुलं आणि बाई-बाप्या असा भेद नाही, ही चारही लक्षणं एकत्र कुठं सापडतात, हे पंचवटीतलं शेंबडं पोरही सांगेल. तिथं जायला साडेसहा हजार लागत नाहीत. आपण चालतही जात नाही, चौघं नेतात.

दुकानातली मुलगी मात्र गोड होती. कागदाच्या पट्ट्या फवारून फवारून माझ्या नाकाखाली धरत होती. "आधी टॉप नोट येईल सर, मग हार्ट, मग बेस. बेस तर उद्यापर्यंत राहील." मी पाचशेच्या तेरा नोटा मोजल्या आणि बदल्यात या तीन नोट घेतल्या. मध्येच नाक थकलं की हुंगायला तिनं वाटीत कॉफीच्या बिया ठेवल्या होत्या. मी विचारलं, मोगरा आहे का यात? ती म्हणाली, "जॅस्मिन अ‍ॅकॉर्ड आहे सर." चंदन? "क्रीमी वुड्स आहेत सर." क्रीमी लाकूड कुठल्या झाडाला येतं? आमच्या वखारीत सागवान, बाभूळ आणि आंबा मिळतो, आणि त्यातला आंबा कशाला मागतात हे पुन्हा सांगायला नको. शेवटी तिनं हुकमी पान टाकलं. "हे सगळ्यांना जमत नाही सर. कॉन्फिडंट पुरुषांसाठी आहे." मी चटकन पाकीट काढलं. पुरुष कॉन्फिडंट आहे की नाही हे ठरवायचा हक्क आजवर फक्त सासुरवाडीला होता.

घरी सौ.नं 'युनिसेक्स' वाचून लगेच हिशेब मांडला, की दोघांत एकच बाटली, म्हणजे माणशी सव्वातीन हजार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारून बाहेर आलो तेव्हा तिनं देव्हाऱ्यापाशी जाऊन समई विझली का ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझा वाटाही तुम्हीच लावा."

पंचवटीत माझी मावशी अजून वाड्यात राहते. ऐंशी उलटली आहे. दिसतं कमी, ऐकू त्याहून कमी, शाबूत आहे ते नाक. मी उंबऱ्यात पाऊल टाकतो न टाकतो तोच आतून आवाज आला, "तिथंच थांब." मी थांबलो. मावशी तांब्याभर पाणी घेऊन भिंतीच्या आधारानं आली. "पायांवर घे. कडुनिंब चावलास का?"

"मावशी, सेंट आहे गं."

"असू दे. आधी न्हाणीत जा."

भर दुपारी मी मावशीच्या न्हाणीत डोक्यावरून आंघोळ केली. मावसभावाचा आखूड लेंगा घालून ओसरीवर पोहे खाल्ले. माझा शर्ट तिनं हात न लावता काठीच्या टोकानं उचलला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. वर शेजारणीला सांगितलं, "कोण गेलंय ते सांगत नाहीये. जवळचंच असणार."

शर्ट तासभर उन्हात होता. वास तसूभर हलला नाही. तोच घालून रामकुंडावरून निघालो. तिथल्या गुरुजींना तर माणूस वळणावर दिसला की तो कशाला आलाय हे कळतं, आणि मी वळणाच्या आधीच पोचलो होतो, नाकावाटे. एक गुरुजी घाईनं पुढं आले. "अस्थी की दहावं? आडनाव? मूळ गाव कोणतं?"

"नाही हो गुरुजी, काही नाही. बाटली आहे."

"बाटलीतून आणल्यात होय?" गुरुजी जराही विचलित झाले नाहीत. "काही हरकत नाही. कलश आपल्याकडे मिळेल."

या सगळ्यात मला स्वतःला काय वास येत होता? काही नाही. अंगावरचा वास दहा-पंधरा मिनिटांत आपल्या नाकाच्या सवयीचा होतो आणि मग ते त्याची दखलच घेत नाही. म्हणजे पैसे माझे आणि मयत लोकांच्या नाकात. त्यात या लाकडी वासांमध्ये हल्ली एक हमखास रसायन असतं, आयसो ई सुपर. नाव असं की द्राक्षाच्या औषधांच्या दुकानात बोर्डोशेजारी ठेवलं तर कुणी वळून पाहणार नाही. १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत तयार झालेलं हे देवदाराचं भूत. काही लोकांच्या नाकाला ते जाणवतच नाही म्हणे. हे कळल्यावर मी अशा लोकांचा शोध घेतला. आमच्या सोसायटीत एकही नाही. असणार कसा? गावाचं नावच नाकावरून पडलंय, तेही कापलेल्या. उरलेल्यांनी नाकं जपून ठेवली आहेत.

रविवारी दिंडोरीकडचा चुलतभाऊ आला. त्याची चार एकर द्राक्षबाग आहे. त्यानं हुंगून पाहिलं, कार्ड उलटंपालटं केलं, आणि 'ऊद' या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय?" मी दोन दिवस वाचून शहाणा झालो होतो. सांगितलं, की अगरूचं झाड असतं, आसामकडं. नुसत्या लाकडाला फारसा वास नसतो. त्याला बुरशी लागली की झाड झगडतं, त्या झगड्यात लाकडात काळपट राळ साठते, आणि तोच हा वास. त्याला जगभर सोन्यासारखा भाव.

भाऊ चहाचा कप हातात धरून बराच वेळ गप्प बसला. ऑक्टोबरात छाटणी झाली की हा माणूस ब्लोअर घेऊन बागेत असतो. ढग आलं की डावणी, थंडी पडली की भुरी. रात्री दोनला उठून आभाळ बघतो. पानाच्या पाठीला पांढरट डाग दिसला तर त्याच्या पोटात गोळा येतो.

"म्हणजे बुरशी लागल्यावर भाव वाढतो?"

"हो."

"आणि आमच्या घडावर एक डाग दिसला तर व्यापारी अख्खा प्लॉट सोडून जातो." त्यानं कप खाली ठेवला. "भुरीचं सेंट काढत नाही का रे कुणी?"

मी ते कार्ड अजून जपून ठेवलंय. कारण त्यातला 'युनिसेक्स' हा शब्द माझ्या डोक्यात गेलाय, आणि तो काही केल्या खाली उतरत नाही. हा शब्द असा काही छापलाय की जणू आजवर पृथ्वीवर बायकांनी बायकांचा आणि पुरुषांनी पुरुषांचा वास घेऊन जन्म काढला, आणि आत्ता कुठे साडेसहा हजारांत सुटका झाली. अहो, लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक पोरगं अत्तरदाणी घेऊन उभं असायचं. येईल त्याच्या हातावर अत्तराचं बोट, दुसऱ्यानं गुलाबपाणी शिंपडायचं. व्याही, विहीण, मामा, आत्या, बँडवाला, सगळे एकाच वासाचे. त्या पोरानं कधी 'आपण कॉन्फिडंट आहात का' असं विचारलेलं मला आठवत नाही. आमचे आजोबा कानाच्या पाळीत गुलाबाचा फाया खोचून वर टोपी घालत आणि कोर्टात भाऊबंदकीच्या तारखेला जात. गुलाबाचा वास येतो म्हणून समोरच्या पक्षानं त्यांना कच्चं समजल्याचं ऐकिवात नाही. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा अख्खा अध्याय आहे. १६ द्रव्यांतली चार-चार घेतली तर १८२० मिश्रणं होतात आणि त्यांच्या भागांचं प्रमाण बदलत नेलं तर १,७४,७२० वास, असा चोख हिशेब तिथं मांडलाय. त्या पावणेदोन लाखांत बायकांचे किती आणि बाप्यांचे किती, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं. बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं कपाट केलं दुकानवाल्यांनी, एकात फुलं भरली, दुसऱ्यात लाकडं. आणि आता दोन्ही कपाटांतलं एका बाटलीत ओतून त्याचा वर आकार लावतात. भिंत यांनीच बांधायची आणि दार पाडल्याचे पैसेही यांनीच घ्यायचे!

बरं, फुलं तरी कुठं राहिली? त्या दुकानात गल्ल्याशेजारी काचेच्या नळीत एक लालभडक गुलाब ठेवला होता. आमची पिढी अडाणी, गुलाब दिसला की नाक पुढं करते. मी केलं. वास शून्य. प्लास्टिकचा असेल म्हणून पाकळी चिमटीत धरली, तर खरा निघाला. पॉलिहाउसचा डच गुलाब. दांडी हातभर, कळी अंड्याएवढी, आठवडाभर कोमेजत नाही, गाडीत कोंबून मुंबईला नेला तरी चेहऱ्यावर सुरकुती नाही. ही सगळी गुणसंपदा त्याच्यात आणता आणता कुठल्याशा पिढीत वास गळून गेला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण बाजारात गुलाब दांडीच्या लांबीवर विकतात, वासावर नाही. आमच्या जानोरी-मोहाडीकडं गुलाबाची एवढी शेती, आणि लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजभर गुलाब लावून वरून गुलाबाच्या वासाचा फवारा मारतात! मोगलांच्या काळी या गावाला गुलशनाबाद म्हणत. फुलांचं गाव. नाव बदललं ते बरंच झालं, नाहीतर ग्राहक आयोगात खटला चालला असता. गावठी गुलाबाचं झाड मावशीच्या अंगणात अजून एक आहे. फुलं बारकी, विस्कटलेली, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. पण सकाळी एक फूल देवाला ठेवलं तर माजघरापर्यंत कळतं. ते फूल कुठलाही फुलवाला दोन रुपयांना घेणार नाही. आणि त्याच वासाची नक्कल काचेत भरून, वर काळोख घालून, मला साडेसहा हजारांना! माझा रक्तदाब या वाक्याला वाढतो, म्हणून हे वाक्य मी घरात बोलत नाही, इथं लिहितो.

काळोखाचंही तसंच. फुलांच्या वासाला हा जो 'डार्क'पणा येतो, तो कशानं, हे त्या कार्डावर नव्हतं. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांत इंडोल नावाचं एक द्रव्य असतं. थोडं असलं की वासाला खोली येते, मादकपणा येतो. तेच इंडोल माणसाच्या विष्ठेतही असतं. अत्तराच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, गिऱ्हाईक सोडून. त्यामुळं कुणाला डार्क फ्लोरलची चैन करायची असेल तर त्यानं उन्हाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला होळकर पुलावर जावं. खाली पाणी अडलेलं, वर पाणवेली, काठावर निर्माल्याच्या पिशव्यांत कुजलेला झेंडू आणि मोगरा. डार्क आहे, फ्लोरल आहे, युनिसेक्स तर आहेच. बेस नोट उद्यापर्यंत काय, सिंहस्थापर्यंत टिकते. आणि पट्टीवर फवारून दाखवायलाही कुणी लागत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधले एक वृद्ध गृहस्थ खरोखरच गेले. सकाळपासून झड लागली होती. मी साधा साबण लावून आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, बाटलीला हात लावला नाही. अमरधाममध्ये आम्ही पत्र्याखाली छत्र्या मिटून उभे होतो. हारांत सगळे डच गुलाब, लांब दांडीचे, टवटवीत, बिनवासाचे. लाकडं ओली. पेट घेईनात म्हणून कुणीतरी डिझेलचा कॅन आणला. मग सगळीकडं नुसता डिझेलचा वास. पेट्रोल पंपावर उभं असल्यासारखं. लाकडाचा नाही, फुलाचा नाही.

शेजारी अण्णा होते. त्यांनी रुमाल नाकाला लावला, दोनदा खाकरले आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आज नाही मारलंत ते? आज चाललं असतं."