ताशी वेताळपंचविशी

राजा विक्रमाने वेताळाला खांद्यावर घालून स्मशानातून ज्या फेऱ्या केल्या त्यांचे लहानपणी मला फार कौतुक वाटे. आता वाटत नाही, कारण स्मशानाची जमीन सपाट असते आणि आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट आहे, परंतु वर्षातील बहुतेक काळ ती 'दुरुस्तीचे काम चालू आहे' या पाटीमागे समाधिस्थ असते, आणि त्यामुळे रोज दिवेलागणीला माझ्या विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या बैठकीखालून नऊ-दहा किलोंची बॅटरी उपसून, तिचा पट्टा खांद्यावर टाकून, साठ पायऱ्या चढणे हा माझ्या निवृत्त जीवनातील एकमेव नियमित व्यायाम होऊन बसला आहे. वेताळ वाटेत गोष्ट सांगून मग प्रश्न विचारी. माझी बॅटरी गोष्ट सांगत नाही. प्रश्न मात्र विचारते, आणि ते बहुतेक कायद्याचे असतात.

ही गाडी मी घेतली ती दुकानदाराच्या एका वाक्याला भुलून. "काका," तो म्हणाला, "लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको, टॅक्स नको." परब्रह्माचे वर्णन ऋषींनी 'नेति नेति' असे केल्याचे मी ऐकून होतो, पण तेच वर्णन एखाद्या दुचाकीला इतके तंतोतंत लागू पडावे आणि वर ती हप्त्याने मिळावी, हा योग विरळा.

तथापि आयुष्याची पस्तीस वर्षे महसूल खात्यात दस्तऐवज चाळण्यात गेल्यामुळे मूळ मजकूर पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. सबब 1989चे केंद्रीय मोटार वाहन नियम मिळवले आणि व्याख्यांपासून वाचायला बसलो. तेथे असे आढळले की, ज्या बॅटरीच्या दुचाकीच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी आहे, जिचा कमाल वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आहे, जिचे वजन बॅटरी वगळून 60 किलोंहून अधिक नाही, आणि जिला योग्य ते ब्रेक व पुढे पांढरा, मागे तांबडा असे परावर्तक बसवलेले आहेत, तिला, विहित तपासणी संस्थेने तसा दाखला दिल्यास, मोटार वाहन समजले जाणार नाही. पाव किलोवॉट म्हणजे हिशेबाने एक तृतीयांश अश्वशक्ती. घोड्याचा हा नेमका कोणता तृतीयांश, हे नियमात नमूद नाही. स्वारगेटहून कात्रजकडे जाताना चढ लागला की तो पायांकडचा खचित नसावा, अशी शंका येते. 'बॅटरी वगळून' ही तरतूद तर मला साक्षात वेदान्तातली वाटली. देहाचे वजन करताना आत्मा बाहेर काढून ठेवायचा; मात्र बाहेर काढलेल्या आत्म्याला रोज तिसऱ्या मजल्यावर पोहोचवावे लागते, हे कोणत्याही दर्शनात सांगितलेले नाही.

पायडलांच्या विजेरी सायकलीलाही हीच मुभा आहे. पण स्वाराने पाय मारणे थांबवताच तिच्या मोटारीनेही थांबले पाहिजे अशी अट असल्याने, म्हणजेच तेथे आळशी स्वाराची सोय नसल्याने, मी त्या वाटेला गेलो नाही.

आता दाखला देणाऱ्या विहित संस्थांपैकी एक, 1966 साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, आमच्या पुण्यातच आहे, आणि तीही कोठे, तर वेताळ टेकडीवर! कोथरूडकडच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींनी त्या बाजूला एआरएआय टेकडी असेच नाव देऊन टाकले आहे. वेताळाच्या टेकडीवरून सुटलेला दाखला डिकीत आणि वेताळ खांद्यावर, असा माझा संसार आहे.

या दाखल्याची प्रत मी प्लास्टिकमध्ये घालून घेतली ती एका प्रसंगानंतर. कर्वे रस्त्यावरच्या एका चौकात हवालदाराने शिटी वाजवली आणि मला कडेला घेतले.

"काका, गाडीला नंबर नाही."

"ही गाडी नाही," मी म्हणालो.

त्याने दोन चाके पाहिली, दिवा पाहिला, आरसे पाहिले, आणि मग, ज्या नजरेने डॉक्टर घरच्या माणसांना बाजूला बोलावतात त्या नजरेने माझ्याकडे पाहिले.

"मग काय आहे?"

"कायद्याच्या दृष्टीने काहीच नाही."

"लायसन?" "लागत नाही." "इन्शुरन्स?" "सक्तीचा नाही." "पीयूसी?" "धूरच नाही." प्रत्येक उत्तराबरोबर मी जितका निर्दोष ठरत गेलो तितका त्याला संशयास्पद दिसत गेलो. अखेरीस मी इंग्रजी दाखला पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा ओठ हलवत, आणि म्हणाला, "जरा पळवून दाखवा." मी मूठ पिळली. समोर थोडा चढ होता, माझे वजन ब्याऐंशी किलो आहे आणि बॅटरी संध्याकाळची थकलेली होती, पन्नास पावले हवालदार माझ्या शेजारून चालत आला, मधे एका रिक्षावाल्याला हाताने थांबवून पुन्हा मला गाठले, आणि म्हणाला, "जा काका. खात्री पटली."

माझ्या लहानपणी साध्या सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे. दिव्याविना किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस धरी आणि चाकांची हवा सोडून देई. ज्या वाहनाला माणूस ढकलत होता त्याला एवढे दस्तऐवज, आणि ज्याला वीज ढकलते त्याला एकही नाही, याचा आनंद मी काही दिवस उपभोगला. पण नाव नसलेल्या माणसाप्रमाणे नंबर नसलेल्या गाडीचेही जगात पदोपदी अडते. शेजारच्या निवृत्त मामलेदारांची गाडी जोरकस मोटारीची, म्हणून रीतसर नोंदलेली. तिला 2018 सालच्या फर्मानाप्रमाणे हिरवी पाटी व तीवर पांढरी अक्षरे आहेत, आणि नोंदणीचे शुल्क 2021 पासून सरकारने बॅटरीच्या वाहनांना माफच केले आहे. पार्किंगच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे नंबर झळकतो. माझ्या नावापुढे 'वाहन क्रमांक' या रकान्यात चिटणिसांनी बराच विचार करून 'निरंक' असे लिहिले. चिटणिसांनी सरकारी शब्द म्हणून लिहिला असेल. मला मात्र त्याची व्युत्पत्ती त्या दिवशी कळली.

परवा मंडईजवळ माझे पुढचे चाक एका हातगाडीला लागले आणि दोन डझन केळी रस्त्यावर आली. केळेवाल्याला मी माझ्या गाडीची व्याख्या समजावून सांगितली नाही. विम्याची सक्ती नाही याचा अर्थ भरपाई माफ असा होत नाही, आणि भारतीय न्याय संहितेचे 281वे कलम सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे हाकणाऱ्याला लागू होते. तेथे 'मोटार' हा शब्दच नाही. एका कायद्याच्या घरी जी वाहन नाही ती दुसऱ्याच्या घरी बिनदिक्कत वाहन होते. सासरी-माहेरी निरनिराळ्या नावांनी वावरणारी आमच्या पिढीची सून मला आठवली. मी मुकाट्याने केळ्यांचे पैसे दिले आणि चेपलेली केळी घरी आणली. चार दिवस शिकरण झाले.

गॅरेजमधला पोरगा अधूनमधून मोहात पाडतो. "काका, एक वायर काढली की पंचेचाळीसला पळेल." वायर बोटभर, पण ती कापताच दुकानदाराच्या चारांपैकी तीन 'नको' एका क्षणात 'हवे' होतात: नोंदणी हवी, परवाना हवा, विमा हवा. नुसत्या बिनपरवाना चालवण्याला 2019च्या दुरुस्तीपासून कायद्यात 5000 रुपये दंड आहे, आणि वेताळ टेकडीचा दाखला तर तत्क्षणी रद्दी. नातवाला हे पटत नाही. तो चौदा वर्षांचा आहे आणि परवानाच लागत नाही तर वयाची अट तरी कशी लागेल, असा बिनतोड मुद्दा मांडतो. मी नियमाचे पुस्तक शोधू लागलो, पण त्याची आजी पोळ्या लाटता लाटता "हात लावून तर बघ" एवढेच म्हणाली आणि प्रकरण निकालात निघाले.

हेल्मेटची गोष्ट वेगळी. सक्तीचे नाव निघताच पुण्यात मोर्चा निघतो, आणि एका मोर्चात दोन चौकांपर्यंत मीही गेलेलो आहे. आता माझी दुचाकी मोटारसायकलच नव्हे, त्यामुळे माझ्या डोक्यावर कायद्याचा अधिकार उरलेला नाही. सक्ती उठली त्याच आठवड्यात मी हेल्मेट विकत घेतले. कोणी विचारत नाही म्हटल्यावर ते घालण्यात अपमान राहिला नाही.

वीज कोणाची, हा प्रश्न सोसायटीच्या वार्षिक सभेत दीड तास चालला. माझी बॅटरी 48 व्होल्ट, 24 अँपिअर-तासांची, म्हणजे एका वेळी युनिटभराहून किंचित अधिक वीज पिते. अमृततुल्यात एक चहा प्यावा तेवढा हा व्यवहार. तरीही तळमजल्याच्या सामायिक मीटरवरून ती घेण्यास हरकत नोंदली गेली. एका सदस्याने 2022 साली पेटलेल्या स्कूटरांची आठवण दिली. त्यानंतर बॅटऱ्यांच्या सुरक्षा-चाचण्या कडक झाल्या हे मी सांगितले, पण ठराव मंजूर झालेला होता. म्हणून हा जिना. घरी आणून तिला आधी तासभर थंड होऊ द्यायचे, दाराच्या वाटेत ठेवायचे नाही, आणि झोपण्यापूर्वी प्लग काढायचा, एवढी पथ्ये मी पाळतो. इतकी मी मधुमेहाचीही पाळत नाही.

काल दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी दम खायला थांबलो, तेव्हा खांद्यावरून नेहमीचा प्रश्न आला: जी गाडी वाहन नाही, तिला ओढणारा तू कोण? विक्रम बोलला की वेताळ सुटून झाडावर जाई, हे ठाऊक असल्याने मी ओठ घट्ट मिटले आणि उरलेल्या वीस पायऱ्या निमूटपणे चढलो. दार उघडे होते. आतून आवाज आला, "अहो, चार्जर आणलात ना वर?"

चार्जर डिकीत होता.