पीआर नाही, ग्रोथ

पुण्यात पोरगा परदेशातून परतला की आई श्रीखंड करते आणि शेजारपाजारचे चॉकलेटांची वाट पाहतात. चंडीगडात परतलेल्याला आधी खुलासा द्यावा लागतो. इथे सेक्टर 17 आणि 34मध्ये जिकडेतिकडे आयेल्ट्सच्या नि व्हिसाच्या पाट्या. जालंधरजवळ तल्हणच्या गुरुद्वाऱ्यात तर लोक व्हिसासाठी चक्क खेळण्यातली विमानं वाहतात. अशा मुलखात गेलेलं पोर परत येतं म्हणजे काहीतरी भानगड असणारच.

आमच्या ओळखीतले एक चिरंजीव नुकतेच कॅनडाहून परतले. नाव सांगत नाही, कारण असे आता एकटेदुकटे राहिलेले नाहीत. वडील सीएसआयओ या इथल्या सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त, घरात मराठी, जिन्याखाली हिंदी. ब्रॅम्प्टनला दोन वर्षांचा कसलासा मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, रात्री वेअरहाउसात खोकी उचलली. मग 2024च्या जानेवारीत कॅनडाने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, पाठोपाठ बाकीचे नियमही आवळले आणि पीआरसाठी, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, लागणारे गुण तर पाचशेच्या वर होतेच. चिरंजीव बॅगा भरून घरी आले. यातलं ते अवाक्षर काढत नाहीत. समोरच्या आंटीजींनी "पीआर मिल गई, बेटा?" असं विचारलं, की सोफ्यावर मागे रेलून म्हणतात, "आंटीजी, बेसिकली पर्सनल ग्रोथ हो गई."

आंटीजींनी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं म्हणे, हा कुठला नवीन व्हिसा?

ही ग्रोथ काय चीज आहे ते मला सुखना तलावावर फिरताना समजावण्यात आलं. एकटेपणात माणसाला स्वतःची भेट होते. (बेसमेंटच्या एका खोलीत पाच जण राहत असताना हे एकटेपण मिळालं कुठे, हे मी विचारलं नाही.) रोज डायरी लिहायची. 'बाउंडरीज' पाळायच्या, म्हणजे आईने दार वाजवल्याशिवाय खोलीत यायचं नाही. आई येते, चादर बदलते, जाते. मध्य मार्गावर झेब्रा क्रॉसिंगपाशी चिरंजीव गाड्या थांबायची वाट पाहत उभे राहतात. थांबतात त्या फक्त रिक्षा. "कहाँ जाना है?" चिरंजीव प्रत्येकाला सॉरी म्हणतात.

खरी वाढ झाली आहे ती वेगळीच, आणि तिचा उच्चारही होत नाही. जाण्यापूर्वी या गृहस्थांना पाण्याचा पेला हातात द्यावा लागे. आता जेवण झालं की ताट उचलतात, खरकटं काढतात, घासतात, विसळतात, ओट्यावर पालथं घालतात आणि वर सिंकसुद्धा कोरडं पुसून ठेवतात. पहिल्या दिवशी कामवालीला वाटलं, आपली सुट्टी झाली. वरणाला फोडणी देतात ती हिंग न जाळता. आणि पंजाबी! जन्म चंडीगडात गेला, पण घरातली मराठी नि शाळेतली इंग्रजी-हिंदी यांपलीकडे जीभ वळली नव्हती. ब्रॅम्प्टनच्या त्या खोलीत मोगा-जालंधरच्या पोरांनी ती वळवली. मंडीत कोबीचा भाव करताना ऐकावं, भाजीवाला आधी गावाचं नाव विचारतो. पंजाबी शिकायला पंजाब सोडून कॅनडाला जावं लागलं, याचा चिरंजिवांच्या डायरीत उल्लेख नसावा.

बाहेर गेल्याशिवाय किंमत न करण्याची या शहराची खोड जुनीच आहे. वास्तुकार पिएर जानरेने इथल्या कचेऱ्यांसाठी सागवानाच्या, वेत विणलेल्या खुर्च्या घडवल्या. जुन्या झाल्या तशा आम्ही त्या भंगारात काढल्या. पुढे परदेशातल्या लिलावांत त्यांच्यावर लाखांच्या बोल्या लागल्या, तेव्हा इथल्यांचे डोळे उघडले आणि 2011मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. खुर्च्यांचं बरं, त्यांना पीआर कुणी विचारत नाही.

तर गेल्या रविवारी आंटीजी आपल्या धाकट्याची फाइल घेऊन आल्या. व्हिसाच्या अर्जाला एसओपी नावाचा एक निबंध जोडावा लागतो. त्याच्या शेवटी बहुतेक पोरं एकच ग्वाही देतात: शिक्षण संपलं की मी मायदेशी परतेन. एजंट ती छापूनच ठेवतो. आमच्या अख्ख्या सेक्टरात हे वाक्य खरं करून दाखवणारे मला माहीत असलेले एवढेच एक गृहस्थ, तेव्हा त्यांनी लिहायला घेतलं ते अगदी मनापासून. आईवडील, मातृभूमी, ग्रोथ, सगळं आलं. चहा दोनदा गार झाला.

आंटीजींनी कागद वाचला, "वाह" म्हणाल्या आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. दाराशी गेल्यावर मात्र वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "लिखण नूं ठीक ए पुत्तर, पर मुंडे नूं सच्ची-मुच्ची ना सिखा देवीं!"