पेट घेणारा उपसर्ग

'फ्लॅमेबल' आणि 'इन्फ्लॅमेबल' या दोन इंग्रजी शब्दांत फरक किती? काडीचाही नाही, दोन्ही सारख्याच तत्परतेने पेट घेतात. शाळेत मात्र आपण 'करेक्ट'चं 'इनकरेक्ट', 'व्हिजिबल'चं 'इनव्हिजिबल' असं घोकलेलं असतं. त्या हिशोबाने 'इन्फ्लॅमेबल' लिहिलेल्या पिंपाला टेकून विडी शिलगावणारा माणूस व्याकरणात पहिला यायला हवा. घोटाळा लॅटिनचा. तिथे 'इन' हे उपसर्ग दोन, एक नकाराचा आणि दुसरा 'आत' या अर्थाचा. आपला ज्वालाग्राही शब्द दुसऱ्याच्या कुळातला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९२०च्या दशकात हा 'इन' गाळण्याचा आग्रह धरला, ब्रिटिश मानक संस्थेने १९५९मध्ये तीच री ओढली.

शुद्धतावादी म्हणतील, 'इन्फ्लॅमेबल' हाच थोरला आणि खानदानी. अडाण्यांसाठी भाषा का वाकवायची? थोरला आहे, मान्य. पण टँकरच्या मागे उभ्या दुचाकीस्वाराला शब्दाची वंशावळ तपासायला सवड नसते. ज्वाळेचं चित्र असतंच की, असंही कुणी म्हणेल. असतं; मग नकाराचा वास येणारा शब्द शेजारी रंगवून त्या चित्रालाच खोटं का पाडायचं? आपल्याकडच्या टँकरांवर 'हायली इन्फ्लॅमेबल' अजून ऐटीत मिरवतं. भडकाऊ भाषणालाही 'इन्फ्लॅमेटरी'च म्हणतात, पण तिथला 'इन' गाळा असं कुठल्याच अग्निशामकाने सुचवलेलं नाही. तिथे श्रोत्यांचा गैरसमज होत नाही. सभा वेळेवर पेटते.