दीडशेपैकी दीडशे

दहावीला गणितात दीडशेपैकी दीडशे पडलेल्या माणसाला उतारवयात दोनच आधार असतात: गुडघ्याचा पट्टा आणि ते दीडशे. माझे दीडशे मी लग्नात, बँकेत, रेल्वेत, जिथे विषय निघेल तिथे आणि निघत नसेल तर काढून सांगत आलो आहे. त्यामुळे न्यू जर्सीच्या पुतणीने "काका, रॅशनल फंक्शन येतात का रे तुला?" असं विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. तिच्या संध्याकाळी सातला, उन्हाळ्यात, आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजतात. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा अशा थाटात मी कॅमेऱ्यासमोर बसतो. दीडशेवाल्याने बनियनवर शिकवू नये.

अंशात दोन एक्स अधिक एक, छेदात एक्स वजा तीन. असिम्टोट काढा, म्हणजे आलेख दूर जाता जाता जिच्या अधिकाधिक जवळ सरकतो ती रेषा. शाळेने तक्ता दिलेला: अंशाचा घात लहान तर आडवी रेषा शून्यावर, दोन्ही घात सारखे तर सहगुणकांचा भागाकार, अंशाचा एकाने मोठा तर रेषा तिरकी. म्हटलं, तक्ता मीट, भाग घाल. भाग लागला दोनचा, बाकी उरली सात. म्हणजे दोन, अधिक सात भागिले एक्स वजा तीन. एक्स 10 घेतला तर उत्तर 3, 100 ला 2.07, 1000 ला 2.007. लाडू सातच आणि पंगत वाढतच चाललेली! आलेख दोनाशी लगट करणार नाही तर काय करेल? उलट एक्स तीनाजवळ आणला की 3.001 ला 7002 आणि 2.999 ला उणे 6998. ऐन तीनाला छेद शून्य, दुकान बंद. ही झाली उभी असिम्टोट.

इथे तिने वहीतलं वाक्य वाचलं: "आलेख असिम्टोटला कधीच शिवत नाही." माझी झोप खाडकन उडाली. हे वाक्य माझं जुनं दुखणं आहे. निरोप समारंभात, दिवाळी अंकात, कुणाचं प्रेम फसलं की हमखास, ही बिचारी रेषा 'जवळ असून न भेटणारी' म्हणून राबवली जाते. मी तिला अंशात एक्स, छेदात एक्सवर्ग अधिक एक असा आलेख काढायला लावला. आडवी असिम्टोट शून्याची. उणे एकला आलेख तिच्या अर्ध्याने खाली, एकला अर्ध्याने वर आणि मधे शून्यावर तिला खुशाल ओलांडून गेलेला! अट फक्त दूरवरच्या वागण्याची आहे. मधल्या भानगडींची कुणी चौकशी करत नाही. यावर मी बराच वेळ बोललो. इकडे दूधवाला येऊन गेला.

"हे सगळं व्हिडिओवर दोन मिनिटांत मिळतं गं. मला कशाला उठवतेस?"

"बाबा लगेच म्हणतो, एवढंही येत नाही? तू नाही म्हणत."

मी गप्प झालो. हे वाक्य आमच्या घरात आजोबांपासून चालत आलंय. त्याच्याच धाकाने मी दीडशे काढले आणि त्याच्याच धाकाने माझ्या भावाला गणिताची कायमची धडकी बसली. तोच आता ते तिला ऐकवतो. याचा मला मनापासून राग येतो, आणि भावाला फोनवर हे सांगायची अजून हिंमत झालेली नाही.

तेवढ्यात तिने पुढचं गणित आपलं आपण सोडवलंसुद्धा. मी "शाब्बास" म्हणालो, जरा नाराजीनेच.

तर समस्त कवी आणि वक्ते मंडळींना विनंती: विरहासाठी असिम्टोट हवीच असेल तर उभी घ्या. तिथे छेदच शून्य असतो, त्यामुळे आलेख तिला खरोखरच शिवू शकत नाही. आडवीच्या वाटेला जाऊ नका.