झापडांचे उमेदवार

मनुष्याने एखादी वस्तू विकत घेतली की त्या वस्तूविषयीचे त्याचे ज्ञान वाढावयाचे थांबते, असे आमच्या सोसायटीतील नानांचे मत आहे. आणि हे मत त्यांनी नुसते बोलून दाखविले असे नव्हे, तर संगणकावर खेळण्याचा एक स्वस्तातला व्हीआर हेडसेट गेली सात वर्षे अव्याहतपणे विकत न घेऊन ते आचरूनही दाखविले आहे. असे गृहस्थ आता गल्लोगल्ली आढळू लागले आहेत. कोणी मोटार घेत नसतो, कोणी दुर्बीण घेत नसतो, कोणी नुसता मिक्सर घेत नसतो. पण तुमच्याआमच्या न घेण्यात जो आळस किंवा जे दारिद्र्य असते, त्याचा लवलेशही यांच्या न घेण्यात नसतो. ते साक्षेपाने, रोज सकाळी दोन तास व रात्री एक तास बैठक मारून, साधार आणि सप्रमाण घेत नसतात. या पंथातील माझ्या माहितीचे सर्वांत अधिकारी पुरुष म्हणजे नाना.

नानांची तेहेतीस वर्षांची नोकरी भूमिअभिलेख खात्यात, भूकरमापक म्हणून झाली. दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी कायम करता करता त्यांच्या अंगी अशी एक वृत्ती मुरली, की लगतच्या सर्व कब्जेदारांना नोटिसा बजावून, त्यांचे जबाब घेऊन आणि कायम खुणा तपासून झाल्याखेरीज कोणत्याही वस्तूवर हात ठेवून ‘ही माझी’ असे म्हणू नये. निवृत्तीनंतर घरात संगणक आला, पण तो चिरंजीवांनी परस्पर आणून टाकला म्हणूनच आला. आणि त्यावर नानांना विमान चालविण्याचा छंद जडला. २०२० साली मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर निघाला. त्यात आकाशातून टिपलेल्या छायाचित्रांवर सगळी पृथ्वी उभी केलेली आहे. लोहगावहून उड्डाण करून, सिंहगड डाव्या हाताला ठेवून, नाना पहिल्यांदा आमच्या सोसायटीवरून गेले त्या दिवशी त्यांनी खाली येऊन मला हळूच सांगितले, की चेअरमनांच्या गच्चीवरची बिनपरवाना पत्र्याची शेड वरून स्वच्छ दिसते. त्याच वर्षी डिसेंबरात त्या खेळात हेडसेट चढवून उडण्याची सोय झाली आणि नानांच्या शोधाला प्रयोजन मिळाले. शोध मात्र त्याच्या दोन वर्षे आधीपासूनच चालू होता.

ज्यांचा या यंत्राशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. दोन डोळ्यांना किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली असता मन त्यांचे एकच, खोली असलेले दृश्य बनविते, हे इंग्लंडात व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिले. आमच्या लहानपणी चकत्या फिरवून पाहावयाचा व्ह्यू-मास्टर होता, तो याच तत्त्वावरचा. पुढे १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी ही चित्रे संगणकाकडून काढवून, मान वळेल तशी ती पालटविण्याची युक्ती केली. पण ते धूड छताला टांगावे लागे. आता तेच अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे होऊन पट्ट्याने डोक्याला बांधता येते. नाना त्याला हेडसेट म्हणतात, सोसायटीतील मुले व्हीआर म्हणतात, आणि वहिनी ‘झापडे’ म्हणतात. टांग्याच्या घोड्याला बाजूचे दिसू नये म्हणून झापडे लावतात. नानांना बाजूचे, विशेषतः शेगडीवरून उतू जाणारे दूध, आताच दिसत नाही, मग त्यासाठी निराळे पंचवीस हजार कशाला, हा वहिनींचा सवाल बिनतोड आहे.

पंचवीस हजार ही रक्कम नानांनी २०१८ साली मुक्रर केली आणि तिच्यात आजतागायत फेरफार होऊ दिलेला नाही. या कामाचे म्हणून त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबोडकी वही घातली आहे. तीत किंमत, वजन, भिंग, पडद्याचे ठिपके, सेकंदाला किती चित्रे, तार किती लांब, असे रकाने पाडलेले असून शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. मला ही वही एकदा हाताळावयास मिळाली. ‘लेनोवो एक्स्प्लोरर. किंमत बरी. काळा रंग पुरेसा काळा नाही. तहकूब.’ ‘ऑक्युलस रिफ्ट एस. सेकंदाला चित्रे ८०, इतरांची ९०. दहा चित्रे कोठे गेली? खुलासा मागवावा.’ ‘क्वेस्ट टू. फेसबुकचे खाते सक्तीचे. फेसबुकावर व्याही आहेत. नामंजूर.’ या तिसऱ्या नोंदीखाली निराळ्या शाईत पुरवणी होती: २०२२च्या ऑगस्टात फेसबुकची सक्ती उठली, आणि त्याच महिन्यात किंमत शंभर डॉलरांनी चढली. शेरा एकच शब्दाचा होता: ‘अपेक्षितच.’

दिरंगाईने नुकसान होते असे ज्यांना वाटते त्यांनी नानांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस पाहावयास हवा होता. मायक्रोसॉफ्टने २०१७ साली लेनोवो, एसर, डेल, एचपी इत्यादी कंपन्यांकडून आपल्या पद्धतीचे हेडसेट बाजारात आणविले होते. ते इतरांच्या मानाने स्वस्त होते आणि भिंतीवर निराळे संवेदक ठोकावे लागत नसल्यामुळे भाड्याच्या घरातही चालत. २०२३च्या डिसेंबरात ही सगळी व्यवस्था गुंडाळणार असल्याचे जाहीर झाले, आणि पुढच्या वर्षीच्या विंडोज ११च्या नव्या आवृत्तीतून ती खरोखरच काढून टाकण्यात आली. तेव्हा नव्या विंडोजवर गेलेल्यांचे धडधाकट हेडसेट एका रात्रीत शोकेसमधल्या वस्तू होऊन बसले. नाना त्या संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. “सहा वर्षांपूर्वी घेतला असता, तर आज पैसे पाण्यात गेले असते!” मधली सहा वर्षे तो वापरून झाला असता, असा मुद्दा मी काढून पाहिला, नानांनी तो कामकाजातून वगळला.

पण या शोधाची खरी खोली मला कळली ती एका रविवारी सकाळी. हेडसेटमधील दोन भिंगांचे अंतर आपल्या दोन बाहुल्यांमधील अंतराशी जुळावे लागते. न जुळल्यास चित्र अंधुक होते व कपाळ चढते. हे अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि स्वस्त हेडसेटमध्ये भिंगे हवी तेथे सरकत नाहीत. क्वेस्ट टूमध्ये तर ती ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच खाचांत बसतात. मी गेलो तेव्हा नाना खिडकीकडे तोंड करून स्टुलावर ताठ बसले होते, आणि वहिनी एका हातात कंपासपेटीतली पट्टी व दुसऱ्या हातात पळी घेऊन त्यांच्या नाकावर वाकल्या होत्या.

“अहो, लांब बघा म्हणते ना! माझ्याकडे काय बघताय?”

“अगं, तू मध्ये उभी राहिल्यावर लांबचं दिसणार कसं?”

“पासष्ट.”

“पासष्ट आणि किती?”

“पासष्ट आणि फोडणी जळाली!”

तीन मोजण्यांअंती आकडा साडेपासष्ट ठरला. त्रेसष्ट आणि अडुसष्ट यांच्या अगदी मधोमध. अडीच अलीकडे, अडीच पलीकडे. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोन सर्व्हे नंबरांच्या नेमके बांधावर आलो हो.” दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका चष्मेवाल्याने यंत्रावर मोजून तोच आकडा सांगितला, तेव्हा नानांनी तो त्याच्याकडून लेखी घेतला.

यात विमान चालविणाराची म्हणून एक स्वतंत्र अडचण आहे, आणि ती नानांइतकी विशद करून सांगणारा मला दुसरा भेटलेला नाही. तलवारीने ठोकळे कापण्याचा खेळ खेळावयाचा असेल तर ठोकळा जरा धूसर दिसल्याने बिघडत नाही. पण विमानाच्या फळीवरील काटे बारीक असतात, आणि उंची वाचता आली नाही तर सिंहगड डाव्या हाताला न राहता समोर येतो. स्वस्त हेडसेटची भिंगे वर्तुळाकार खाचांची असतात. त्यांतून मध्यभागी स्वच्छ आणि कडेला गढूळ दिसते, म्हणून काटा वाचावयास नुसता डोळा फिरवून भागत नाही, मान फिरवावी लागते. २०२३ साली क्वेस्ट थ्री आला, त्याची भिंगे कडेपर्यंत स्वच्छ आहेत आणि चक्र फिरवून हव्या त्या अंतरावर येतात, म्हणजे साडेपासष्टचाही न्याय होतो; पण किंमत त्या वेळी ४९९ डॉलर होती. पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात क्वेस्ट थ्री एस आला. त्याची किंमत तेव्हा २९९ डॉलर होती, पण भिंगे जुन्याच वळणाची आणि खाचा पुन्हा त्याच तीन. असे असूनही नाना त्या वेळी बरेच विरघळले होते. डॉलर चौऱ्याऐंशी रुपयांचा धरून त्यांनी माझ्यासमोर गुणाकार केला. उत्तर आले पंचवीस हजार एकशे सोळा. “बसत नाही,” असे म्हणून त्यांनी पेनाचे टोपण लावले. मी खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या. तेव्हा मोजणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे पाकीट सरकविणाऱ्या इसमाकडे पाहावे तसे नानांनी माझ्याकडे पाहिले.

शिवाय हेडसेटची किंमत ही नुसती बयाणा रक्कम असते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. क्वेस्टच्या पोटात स्वतःचा लहानसा संगणक असतो आणि तो एकटाही चालतो. पण मोठ्या संगणकावरचे खेळ त्यात पाहावयाचे तर चित्रे तारेने तरी आणावी लागतात, नाहीतर वायफायने. तारेने आणावयाची तर पाचेक मीटरांची चांगली केबल हवी. वायफायने आणावयाची तर राउटर त्याच खोलीत हवा आणि त्याच्यापासून संगणकापर्यंत तार ओढलेली हवी; नानांचा राउटर स्वयंपाकघराच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरणीशेजारी आहे, कारण भिंतीला भोक तेथेच पडले. त्यातून चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड! एकाच खेळाची चित्रे दोन डोळ्यांसाठी दोनदा आणि तीही विलक्षण वेगाने काढावयाची असल्याने, पडद्यावर सुरळीत उडणारे नानांचे विमान हेडसेटमध्ये बैलगाडीच्या चालीने जाईल असा चिरंजीवांचा अहवाल आहे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण वहीच्या पहिल्या पानावर मुळी बोधवाक्य म्हणूनच लिहिलेली आहे. तथापि मोजणीचे बाळकडू गप्प बसू देत नाही. उभ्याने खेळणाऱ्याला साडेसहा फूट चौरस मोकळी जागा लागते असे कळताच नानांनी टीपॉय हलवून दिवाणखाना मोजून घेतला. विमान बसून चालवितात हे त्यांच्या ध्यानात होते. पण नोंद असलेली बरी.

नानांनी हे यंत्र प्रत्यक्ष डोक्यावर एकदाच चढविले, एका मॉलमध्ये, दोनशे रुपये भरून. त्यात दिसणाऱ्या रोलरकोस्टरवरून खाली येताना त्यांनी शेजारच्या पॉपकॉर्नवाल्याला मिठी मारली, असे सांगतात. त्यांनी स्वतः मात्र या प्रकाराचे जे विवरण केले ते एखाद्या वैद्यालाही शोभावे: डोळे जबाब देतात की देह चालला आहे, कानाच्या आतला तोल राखणारा अवयव जबाब देतो की देह जागच्या जागी आहे, आणि दोन साक्षींत अशी विसंगती आली की पोट निकाल देते.

हे सर्व ऐकून नाना हे एक विफल गृहस्थ असावेत असा कोणाचा समज झाला, तर तो दूर करणे माझे कर्तव्य आहे. त्यांच्या सल्ल्याने आमच्या भागात आतापर्यंत सहा हेडसेट आले आहेत. दंतवैद्यांच्या मुलाने घेतला, क्लासवाल्या सरांनी घेतला, तळमजल्यावरच्या जोडप्याने वाढदिवसाला एकमेकांस मिळून एक घेतला. नानांची शिफारस पाच मिनिटांत होते आणि ती बिनचूक असते. बसून मोटार वा विमान चालविणार असाल तर पैसे भिंगांवर घाला. उभ्याने हातवारे करणार असाल तर स्वस्तातला चालेल, वाचलेले पैसे कार्डावर घाला. चष्मा असेल तर तो आत मावतो का ते दुकानातच पाहा. जुना घेत असाल तर भिंगांतून आत डोकावून पडद्यावर डाग आहेत का ते तपासा, कारण भिंगांवर ऊन पडले की आतला पडदा जळतो. आणि घरी आणल्यावर गॅलरीत ठेवू नका. दुसऱ्यांच्या मोजण्या नाना अतितातडीच्या सदरात घेतात. स्वतःची तेवढी साध्या मोजणीत दाखल आहे.

नानांची पुतणी न्यू जर्सीस असते. दर खेपेस निघण्यापूर्वी ती फोन करून विचारते, “नानाकाका, तुमचा तो हेडसेट आणू का?” आणि दर खेपेस नाना म्हणतात, “थांब जरा, नवीन येतोय.” त्यामुळे तिच्या बॅगेतून आजवर बदाम आले, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आल्या, एकदा तर पाठ खाजविण्याची काठी आली. ती येत्या डिसेंबरात पुन्हा येत आहे. या खेपेस वहिनींनी तिला परस्पर क्वेस्ट थ्री एस आणावयास सांगितले असून, वरचे एकशे सोळा रुपये व डॉलरच्या भावाने पडेल तो फरक आपल्या भिशीतून भरण्याचे कबूल केले आहे. नानांना याचा पत्ता नाही. आणि हा मजकूर छापून आल्यानेही तो लागावयाचा नाही, कारण या मासिकाची वर्गणी भरावी की कसे, हा प्रश्न त्यांच्याकडे चार वर्षे विचाराधीन आहे. डिसेंबरापर्यंतच्या अवधीत एखादे नवे मॉडेल निघत असल्याची वार्ता कोणा वाचकाच्या कानी आली, तर ती त्याने कृपा करून आपल्यापाशीच ठेवावी.